पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल रंग फिका का दिसतो?

प्रश्न:
निळ्या एलईडी चिपवर सिरियम मिसळलेल्या यट्रियम ॲल्युमिनियम गार्नेटचा, म्हणजे ‘याग’चा, थर दिला की पांढरा प्रकाश मिळतो, हे समजले. परंतु अशा दिव्याखाली लाल कापड तपकिरीकडे झुकलेले दिसते आणि तळहातही निस्तेज वाटतो. या फॉस्फरचे, म्हणजे निळा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचे, प्रमाण वाढवून हा दोष जाईल का?

प्रतिसाद १:
नाही. चिपचा प्रकाश साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. त्यातला काही भाग शोषून सिरियम ५५० च्या आसपास शिखर असलेला रुंद पिवळा पट्टा बाहेर टाकते आणि उरलेला निळा त्यात मिसळला की डोळ्याला पांढरे दिसते. थर जाड केल्यास निळा घटून उजेड पिवळसर होईल, पण ६२० च्या पुढची लाल बाजू दुबळीच राहील. यट्रियमच्या काही जागी गॅडोलिनियम बसवल्यास शिखर लालकडे सरकते खरे, मात्र दिवा तापल्यावर त्याचे तेज अधिक घटते.

प्रतिसाद २:
म्हणूनच युरोपियमयुक्त कॅल्शियम ॲल्युमिनियम सिलिकॉन नायट्राइड मिसळतात. त्याची स्फटिकजाली भक्कम असल्याने ते उष्णतेला चांगले टिकते आणि ६५० च्या आसपास लाल प्रकाश देते. अडचण अशी, की त्या पट्ट्याचा बराचसा भाग डोळ्याला जेमतेम जाणवणाऱ्या गडद लालमध्ये जातो, त्यामुळे रंग सुधारतात पण तेवढ्याच विजेत मिळणारे ल्युमेन, म्हणजे डोळ्याला जाणवणारा उजेड, घटतात. शिवाय हे फॉस्फर यागचा हिरवा-पिवळा प्रकाशही काही प्रमाणात गिळते.

प्रश्नकर्ता:
ही गळती टाळणारे एखादे लाल फॉस्फर आहे का?

प्रतिसाद ३:
आहे: मँगनीजयुक्त पोटॅशियम फ्लुओसिलिकेट. त्याचा प्रकाश रुंद पट्ट्याऐवजी अरुंद रेषांत येतो आणि सर्वांत प्रबळ रेषा ६३० च्या जवळ असल्याने गडद लालमध्ये फारसे काही वाया जात नाही. मात्र निळा प्रकाश ते क्षीणपणे शोषते, म्हणून भरपूर घालावे लागते. दमटपणात त्याचा पृष्ठभाग तपकिरी पडतो, म्हणून कणांना संरक्षक लेप देतात.

दिवा निवडताना केवळ सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा निर्देशांक, पाहू नये. तो ठरावीक रंगनमुन्यांपैकी पहिल्या आठ फिकट नमुन्यांच्या गुणांची सरासरी असतो आणि गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. त्यामुळे सीआरआय ८० असलेल्या दिव्याचाही लालसाठीचा आर-९ हा आकडा शून्याच्या आसपास असू शकतो. माहितीपत्रकात तो दिला नसेल, तर तो मागून घ्यावा.