मदत हवी आहे : झांबेझीत तंबू-होडीची सफारी, सोबत ७१ वर्षांचे बाबा

नमस्कार मंडळी,

येत्या जूनमध्ये बाबांना घेऊन झिम्बाब्वेला जायचं म्हणतेय. झांबेझी नदीवरच्या करिबा धरणाच्या पायथ्याशी दोघांच्या कनूत (लांबट, वल्ह्याच्या होडीत) बसायचं आणि घळीतून वल्हवत तीन दिवसांनी चिरुंडू गावाला उतरायचं. दुसरा मार्ग चिरुंडूहून माना पूल्स राष्ट्रीय उद्यानापर्यंतचा, चार दिवसांचा. प्राणी बघायला तोच चांगला, असं सगळे सांगतात. रात्री नदीकाठी तंबू, भोवती कुंपण नाही.

बाबांना मात्र करिबाच हवंय. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते १३ वर्षांचे होते, पाटण तालुक्यात. घराची मागची भिंत कोसळली आणि आजीने दंडाला धरून त्यांना अंगणात ओढलं. पुढे ते पाटबंधारे खात्यात इंजिनिअर झाले. धरणाच्या पाण्यामुळे होणाऱ्या भूकंपांचा विषय निघाला की कोयनेच्या जोडीने करिबाचं नाव यायचंच, कारण १९६३ मध्ये तिथलं धरण भरत असताना मोठे धक्के बसले होते. १२८ मीटर उंचीची ती कमानीची भिंत त्यांना खाली पाण्यावरून बघायची आहे. "हत्ती तू बघ, मला भिंत दाखव," म्हणतात.

आता अडचणी.

सगळ्यात मोठी रात्रीची. प्रोस्टेटमुळे बाबांना दोनदा तरी उठावं लागतं. रात्री पाणघोडे चरायला काठावर येतात, हत्तीही तंबूंमधून फिरतात, म्हणून अंधारात तंबूबाहेर पडायचं नाही असा नियम आहे. झाकणाची बाटली तंबूत ठेवायची हे मी सुचवलं तर बाबा गप्प झाले, त्यांना ते फार अवघड वाटतंय. वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्या कुणी हे कसं निभावलं? गाइडला आधीच सांगून ठेवावं का?

दुसरं, गुडघे. सरावासाठी गेल्या महिन्यात तापोळ्याला कयाक घेतली होती. पाऊण तासात बाबांच्या डाव्या पोटरीत गोळा आला. काठाला लावून दहा मिनिटं चोळलं, मग पुन्हा वल्हं हातात घेतलं. पण तिथे रोज पाच-सहा तास बसायचं आहे. पाठीला टेकू असलेली बैठक मिळते का? मध्ये किती वेळा उतरू देतात?

पाणघोड्यांची भीती मला आहे, बाबांना नाही. दिवसा ते खोल पाण्यात असतात, म्हणून होड्या उथळ कडेने, एकामागे एक, गाइडच्या मागोमाग जातात आणि वल्ह्याने होडीवर ठोकून चाहूल देतात, एवढं समजलंय. काठावरचा पाणघोडा बिचकला तर खोल पाण्याकडेच धावतो, तेव्हा त्याच्या वाटेत यायचं नाही. पण घळीत दोन्ही बाजूंना कडे आणि पात्र अरुंद. तिथे कडेला सरकायला जागा असते का? ज्यांनी हाच टप्पा केलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मलेरियासाठी डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत : अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, परतल्यावर आणखी सात दिवस, किंवा डॉक्सिसायक्लिन, परतल्यावर चार आठवडे. डॉक्सीने उन्हाचा त्रास वाढतो आणि आम्ही दिवसभर उन्हात. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. गोळी डॉक्टरच ठरवतील, मला फक्त या वयात कुणाला काय मानवलं ते हवंय.

जेवणाचं मी बघते. बाबा शाकाहारी आहेत. मेतकूट, भाजणी, भाजके पोहे नेईन. तिकडे मक्याच्या पिठाचा साद्झा असतो, तो त्यांना आवडेल, आमच्याकडे मक्याच्या कण्या होतातच. एक शंका : हत्ती वासाने येतात म्हणून माना पूल्समध्ये संत्री-लिंबं न्यायची बंदी आहे. मग लिंबाचं लोणचंही नको ना?

एका कंपनीने सुरुवातीला भराभर उत्तरं दिली आणि बाबांचं वय कळवल्यावर एकदम बोलणंच बंद केलं. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. दुसरी तयार आहे, पण तिला ७० च्या पुढच्या माणसाचा, हेलिकॉप्टरने किंवा विमानाने बाहेर काढण्याचा खर्च धरलेला विमा हवाय. भारतातून असा विमा कुणी काढलाय का?

आगाऊ रक्कम महिनाअखेरीपर्यंत भरायची आहे. तीन दिवसांचा करिबाचा टप्पा बाबांना झेपेल का, की धरणाखाली एक दिवस होडीतून फिरवून रात्री लॉजवर राहावं?