थार रॉक्स फोर बाय फोर: छत कोणतं, व्हेरियंट कोणतं?

डोंगरवाट: महिंद्राची थार रॉक्स, डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) घ्यायची हे पक्कं. अडलंय एमएक्स५ आणि एएक्स७एल या दोन व्हेरियंटमध्ये. ताम्हिणी, वेल्हे, मुळशीकडचे कच्चे रस्ते, तेही भर पावसात. कधी टपावर सामान. सनरूफ टाळता येईल का? पांढऱ्या सीटचं काय?

पत्र्याचा टप: सनरूफ नसलेली फोर बाय फोर रॉक्स मिळत नाही. अख्खा पत्रा एमएक्स१, एमएक्स३सारख्या खालच्या व्हेरियंटना, आणि त्या फक्त मागच्या चाकांवर चालतात. एमएक्स५ आणि एएक्स५एलला एकाच काचेचं छोटं सनरूफ, एएक्स७एलला पॅनोरामिक, म्हणजे छताचा मोठा भाग व्यापणारी काच. तेव्हा काच किती, एवढंच तुमच्या हातात. तुमच्या वापराला एमएक्स५ घ्या. काच मोठी तितकं रबर लांब, आणि खडबडीत रस्त्यावर बॉडी पिळली की कुरकुर तिथूनच सुरू होते. एप्रिल-मेमधलं ऊन वेगळंच.

गिअरबॉक्स आधी ठरवा मात्र: एमएक्स५ फोर बाय फोर मॅन्युअल, एएक्स५एल ऑटोमॅटिक, एएक्स७एल दोन्हींत.

चाकपाना: टायर विसरू नका. एमएक्स५ला २५५/६५ आर १८, एएक्स७एलला २५५/६० आर १९. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास ७८९ मिमी, पण साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) १८ इंचीला सुमारे १६६ मिमी, १९ इंचीला १५३. हे १३ मिमी जादा रबर दगडावर रिम वाचवतं आणि चिखलात हवा २२-२४ पीएसआयपर्यंत उतरवायला वाव देतं. डांबरीवर आलात की लगेच परत भरा.

डोंगरवाट: सनरूफ गळतं म्हणतात, ते?

पत्र्याचा टप: रबराच्या आत थोडं पाणी जाणारच, रचनाच तशी असते. आत पन्हळ असते, तिच्या कोपऱ्यांतून नळ्या खांबांतून खाली उतरतात. झाडाखाली गाडी लावली की पाला आणि धूळ नळीच्या तोंडाशी बसते, पन्हळ भरून वाहते आणि पाणी छताच्या कापडात किंवा पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरतं. रबर बदलून काही होत नाही, नळी साफ करा.

मेअखेर आणि दिवाळीनंतर: सनरूफ उघडा, पन्हळ ओल्या फडक्याने पुसा, २ मिमी नायलॉन दोरी नळीत हळूच सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. आतला जोड निसटला तर छताचं कापड उतरवावं लागतं. मग कोपऱ्यात कपभर पाणी सावकाश ओता, त्याच बाजूला गाडीखाली थेंब पडायला हवेत. रबराला सिलिकॉन ग्रीस. पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं.

चाकपाना: टपावर सामान न्यायचं तर पॅनोरामिक नकोच, कॅरियरचे आडवे दांडे काच उघडू देत नाहीत. गाडीच्या माहितीपुस्तिकेतली टपाची वजनमर्यादा कॅरियरचं वजन धरून असते, हे बरेच जण विसरतात. पाण्याचे कॅन वर नकोत, ते डिकीत, सीटच्या पाठीला टेकवून. टपाला भोक पाडू देऊ नका. गंज तिथूनच लागतो.

सीटबद्दल: ऑक्टोबर २०२४ पासून फोर बाय फोरमध्ये सीटला मोका ब्राउन (तपकिरी) रंगाचा पर्याय आला. लाल मातीच्या रस्त्यांना तोच घ्या. पांढऱ्या लेदरेटच्या (कृत्रिम चामड्याच्या) शिवणीत माती बसली की निघत नाही. बुकिंगच्या कागदावर रंग लिहून घ्या.

डोंगरवाट: एमएक्स५, मोका ब्राउन. डिलिव्हरीआधी यार्डातच कपभर पाणी ओतून बघतो.