वढवाण्याला हंस आलेत म्हणून एवढी धावपळ?

रावपुऱ्याचा पक्षीवेडा: बडोद्याजवळच्या वढवाणा तळ्यावर कलहंसांच्या थव्यात पांढऱ्या कपाळाचा एक हंस! टुंड्रातून आलाय, पोटावर काळे पट्टे स्पष्ट दिसतात. उद्या पहाटे पाचला निघू. ज्यांना जमेल त्यांनी धावाच, पुन्हा दिसायचा नाही.

दांडियाबाजारकर: "धावाच" वाचून राहवलं नाही. मागच्या रविवारी मी तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, होते. चाळीसेक माणसं, आणि एकाने उडतानाचा फोटो हवा म्हणून गाळात उतरून टाळ्या वाजवल्या. सगळा थवा उठला. मार्चमध्ये त्यांना हजारो किलोमीटर परत जायचंय, त्यासाठी इथे चरून चरबी साठवतात. दर वेळी उठवलं की तीच खर्ची पडते.

पक्षीवेडा: टाळ्या वाजवणारा मी नव्हे, ताई. माझी मुलगी सहावीत आहे. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस पाहून आली आणि रात्री नकाशात हिमालय शोधत बसली. मुलांना न्यायचंच नाही का?

डभोईकर: तुम्ही दोघं पाण्याकडेच बघताय. माझ्या मामांचा गहू तळ्याला लागून आहे. पहाटे हंस उतरतात, कोवळी पात शेंड्याकडून कापून खातात, सरीत हिरवट लेंड्या पडलेल्या असतात. तेही सोसतो. पण गेल्या वर्षी कॅमेरेवाले बांधावर गाड्या लावून उभ्या पिकातून चालत गेले. खाल्लेली पात पुन्हा फुटते, बुटाखाली मोडलेलं रोप उभं राहत नाही.

पक्षीवेडा: पात फुटते ना, मग हंसांचा त्रास कसला?

डभोईकर: दोन रात्री थंडीत थाळी बडवत जागा, मग विचारा! बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१०च्या सुमारास हे तळं बांधलं ते ओलितासाठी. आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसरचा दर्जा २०२१चा. शेतकरी त्याच्या कितीतरी आधीचा.

दांडियाबाजारकर: थाळी बडवता म्हणजे थवा तुम्हीही उठवताच.

डभोईकर: उठवतो. पोटासाठी. फोटोसाठी नाही.

दांडियाबाजारकर: हे मात्र मला खोडता येत नाही.

पक्षीवेडा: जाणं मी रद्द करणार नाही. पण तिघंच जाऊ, गाडी रस्त्यावरच ठेवू, पाळीवरून दुर्बिणीने बघू. पोस्टमधला "धावाच" काढतो.

दांडियाबाजारकर: उशीर झाला. माझ्याच फोनवर ती चार गटांतून आलीय.

पक्षीवेडा: मग चारही गटांत मी स्वतः लिहितो. मामांचा गहू कुठल्या बाजूला?

डभोईकर: बाभळींची रांग संपते तिथून पुढे. बांधावर निळी मोटर आहे, तिच्या अलीकडेच थांबा.