डिपॉझिट परत मिळत नाही, काय करू?

मदत हवी आहे. कोथरूडमध्ये ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहत होतो. करार ऑनलाइन नोंदवलेला आहे, त्यात ६०,००० रुपये डिपॉझिट स्पष्ट लिहिलंय. महिनाभर आधी व्हॉट्सॲपवर नोटीस दिली, भाडं आणि लाईटबिल चुकतं केलं, किल्ल्या मालकांच्या हातात दिल्या. आता दोन महिने होत आले. आधी "नवा भाडेकरू आला की देतो" म्हणत होते, आता रंगकाम आणि साफसफाईचे २५,००० कापणार म्हणतात. बिल मागितलं तर फोनच उचलत नाहीत. करारात रंगाच्या खर्चाचा उल्लेखही नाही. भिंतींवर रोजच्या वापराचे डाग आहेत, मोडतोड काहीच नाही. घर सोडताना व्हिडिओ काढला होता, तेवढं बरं केलं.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हेच पैसे धरले होते, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

वकिलाची नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली तर उपयोग होतो का? साधारण खर्च किती येतो? पोलीस चौकीत "हे दिवाणी प्रकरण आहे" म्हणून परत पाठवलं. लघुवाद न्यायालयात कुणी स्वतः दावा लावलाय का? सोसायटीच्या सेक्रेटरींना मध्यस्थी करायला सांगावं का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.