शिकवलेली पोरं निघून जातात, बॉन्ड लिहून घ्यावा का?

भोसरीकर:
भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. प्रोग्रॅमवर चालणारी, धातू कापणारी मशीनं: दोन सीएनसी, एक व्हीएमसी. नऊ माणसं. आयटीआय झालेली पोरं घेतो. आधी व्हर्निअर, मायक्रोमीटरने मापं घेणं, ड्रॉइंग वाचणं. मग ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती), इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं), शेवटी प्रोग्रॅम. वर्षभरात पोरगा सेटिंग, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन लावणं, करायला लागतो आणि दिवाळीचा बोनस हातात पडला की चाकणला जातो. यंदा तिसरा गेला. शिकताना स्क्रॅप केलेले जॉब, ठोकलेली टूलं, सगळं मी सोसलं. जिवाला लागलं ते वेगळंच: जायच्या आदल्या दिवसापर्यंत त्याने तोंडातून शब्द काढला नाही. ठरावीक काळ सोडणार नाही असा बॉन्ड घ्यावा, की शिकवणंच थांबवावं?

शिरोलीवाला:
मी वकिलांना विचारलं होतं. १८७२ च्या करार कायद्यातल्या कलम २७ मुळे 'सोडल्यावर दुसरीकडे काम करायचं नाही' ही अट टिकत नाही. ठरावीक काळ राहा, नाहीतर वाजवी खर्च भरा, ही टिकू शकते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉन्ड ग्राह्य धरला. पण आपण बँक नाही. दोन लाखांसाठी पोराच्या बापाच्या दारात जाणार का? आणि मनाविरुद्ध थांबलेला माणूस मशीनवर नकोच.

पूर्वीचा ऑपरेटर:
दादा, मी असाच निघून गेलेला पोरगा. मालकांनी हाताला धरून शिकवलं, आजही भेटले की पाया पडतो. पण रात्रपाळीला एकटा सेटिंग करत होतो आणि पगार ऑपरेटरचा. विचारलं की 'दिवाळीनंतर बघू'. नव्या ठिकाणी पैसे फार वाढले नाहीत, पण पत्रावर 'सेटर' लिहिलं होतं. तुमच्याकडे सेटिंग जमल्यावर पगार कधी वाढतो?

भोसरीकर:
दिवाळीनंतरच. तुमचं वाचून हजेरीचं रजिस्टर काढलं. तिसरा जूनपासून सेटिंग करत होता, म्हणजे पाच महिने ऑपरेटरच्या पगारात. आणि गणपतीच्या आधी तो केबिनच्या दारात येऊन म्हणाला होता, 'साहेब, पगाराचं काही बघा ना.' मी डिस्पॅचच्या गडबडीत होतो, 'नंतर' म्हणालो. म्हणजे त्याने शब्द काढला होता.
आता चौथा तयार होतोय. गेल्या आठवड्यात त्याने एकट्याने लावलेल्या जॉबचा पहिला पीस पास झाला. त्याचं सेटरचं पत्र आजच टाइप करतो, पगार याच महिन्यापासून.