‘टेबल करू या’ म्हणजे आत्ता बोलायचे की नंतर?

मुठाकाठ (प्रश्न):
पुण्यातील ज्या कंपनीत मी काम करतो, तिचे वरिष्ठ काही लंडनला आणि काही शिकागोला बसतात. मंगळवारच्या बैठकीत माझा प्रस्ताव निघताच शिकागोचे साहेब ‘लेट्स टेबल इट’ म्हणाले. विधानसभेत अहवाल पटलावर ठेवतात, तोच अर्थ धरून मी तक्ते उघडले आणि बोलू लागलो. दोन मिनिटांनी त्यांनीच मला थांबवले. माझे कुठे चुकले?

जुना वाचक:
चूक तुमची नाही. ब्रिटिश इंग्रजीत ‘टेबल करणे’ म्हणजे विषय चर्चेला मांडणे, आणि आपले ‘पटलावर ठेवणे’ याच प्रथेतले आहे. अमेरिकेत मात्र त्याचा अर्थ विषय तूर्त बाजूला ठेवणे असा होतो. ‘बासनात गुंडाळणे’ म्हटले तर जरा कठोर होईल, कारण बाजूला ठेवलेला विषय पुन्हा काढता येतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचे होते, म्हणून ते ‘टेबल’ करू या असे त्यांनी सुचवले. अमेरिकन अधिकाऱ्यांनाही ती चर्चा हवीच होती, त्यामुळे त्यांनी कडाडून विरोध केला, आणि आपले एकमत आहे हे कळेपर्यंत दोन्ही बाजू बराच वेळ हमरीतुमरीवर होत्या, असे चर्चिल यांनी लिहून ठेवले आहे.

खेळपट्टी:
खेळांतून आलेल्या वाक्प्रचारांचीही अशीच गंमत आहे. पूर्वी खेळपट्ट्या पावसात उघड्याच असत आणि ओली खेळपट्टी उन्हात वाळू लागली की चेंडू कसा उसळेल याचा नेम नसे. त्यावरून अडचणीच्या प्रसंगाला ‘स्टिकी विकेट’ म्हणतात. आपल्याला ते चटकन उमगते, पण शिकागोत ते सहसा कुणाच्या डोक्यात शिरणार नाही. त्यांचे वाक्प्रचार बेसबॉलचे: ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे ढोबळ आकडा, त्यावर पैशापैशाचा हिशेब मांडत बसू नये, ‘टच बेस’ म्हणजे ओझरते बोलून खबरबात घेणे.

मुठाकाठ:
दोघांचेही आभार. आज सकाळीच शिकागोहून शुक्रवारी ‘टच बेस’ करण्याचा निरोप आला आहे आणि मी चाळीस पानांचे सादरीकरण करायला घेतले होते. ते आता थांबवतो.