घोडी वाळत चाललीय, पाय आलटून पालटून लंगडते – तातडीने मदत हवी

टापटीप
मारवाडी घोडी, वय 6. खाते व्यवस्थित, तरी बरगड्या दिसायला लागल्यात. आज पुढचा डावा पाय लंगडते, चार दिवसांनी मागचा उजवा. खुरं दाबून बघितली, काही सापडलं नाही. दुखण्याचं इंजेक्शन दिलं की दोन दिवस बरी, मग परत तेच. शनिवार-रविवार रायडिंगचं बुकिंग आहे. 'डॉक्टरांना दाखवा' सोडून काहीही सांगा, दाखवून झालंय.

खोगीर
सर्रा, म्हणजे रक्तातल्या जंतूंचा रोग. चावऱ्या माश्यांमुळे होतो. मधून मधून ताप, पोटाखाली आणि पायांना सूज, खाऊनही वाळणं. ताप चढलेला असतानाच रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासून घ्या, उतरल्यावर जंतू सापडेलच असं नाही.

नालबंद_माणदेश
नाल कधी बदलली? 6 ते 8 आठवड्यांनी खूर कापायलाच हवं. पुढचा भाग वाढला की सगळा ताण मागच्या शिरेवर येतो.

टापटीप
ताप नाही, सूज नाही. नाल नवीन आहे. जंताचं औषधही दिलंय. पुढे बोला.

माळरान
'खाते व्यवस्थित' म्हणजे काय खाते? किलोत सांगा. आणि दावणीखाली चघळलेले गोळे पडतात का?

टापटीप
गोळे पडतात, त्यात काय विशेष? घरचं हत्ती गवत पोटभर, उन्हाळ्यापासून तेच. सकाळ-संध्याकाळ 2-2 किलो गव्हाचा कोंडा भिजवून. हरभरा महागला म्हणून बंद केला.

दंतकथा
गोळे म्हणजे दात, लिहून घ्या. वरच्या दाढांची बाहेरची धार गालाला कापते, खालच्यांची आतली जिभेला. तोंड उघडं ठेवणारा फाळका लावून कानशीने धारा घासून घ्या. वर्षातून एकदा हे सगळ्याच घोड्यांचं करायचं असतं, आपल्याकडे कोणी करत नाही.

माळरान
दात बघाच, पण दातांनी मागचा पाय लंगडत नाही. सगळा घोळ दावणीत आहे. हत्ती गवतात ऑक्झलेट नावाचा क्षार भरपूर असतो. तो चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतो आणि शेणावाटे बाहेर काढतो. गाई-म्हशींच्या कोठीपोटातले जंतू ऑक्झलेट फोडतात, म्हणून त्यांना तेच गवत चालतं; घोड्याला ती सोय नाही. त्यावर कोंडा, ज्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या साधारण दहापट. मग शरीर हाडांतून कॅल्शियम उपसतं. सांधे दुखतात, दाढांचा आधार ढिला होतो, चावणं जड जातं. पुढे नाकाच्या दोन्ही बाजूंची हाडं फुगतात. डोळ्यांच्या खालपासून नाकपुडीपर्यंत दोन्ही हातांनी चाचपून बघा, दोन्हीकडे सारखा भरीवपणा लागतो का?

खोगीर
मग रक्तातलं कॅल्शियम तपासा. नॉर्मल आलं तर विषय संपला.

माळरान
संपत नाही. हाडांतून ओढून रक्तातलं कॅल्शियम जागेवरच ठेवलं जातं, त्यामुळे रिपोर्ट बहुधा नॉर्मलच येतो. रक्त आणि लघवी एकाच वेळी घेऊन फॉस्फरस किती बाहेर पडतोय ते काढायला सांगा. एक्स-रे फार उशिरा बोलतो.

पानसुपारी
एवढं कशाला? पानाचा चुना पेंडीत कालवून द्या. गाईंना देतातच की.

माळरान
चिमटीने भागणार नाही, आणि मूठभर दिला तर तोंड नि आतडं भाजेल. चुनखडीची भुकटी वेगळी, ती भाजत नाही. 1 भाग ती, 2 भाग डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), दोन्ही खाद्याच्या प्रतीचे. असं 1 किलो मिश्रण दीड किलो काकवीत कालवून एका घोड्याला आठवडाभरात वाटून द्यायचं. हा बचावाचा हिशोब. लक्षणं असलेल्या घोड्याला दुप्पट, निदान सहा महिने. हत्ती गवत सोडवत नसेल तर हे कायमचं धरा.

उडता_घोडा
घोडीला देवमण (गळ्यावरचा शुभ मानला जाणारा भोवरा) आहे का? असेल तर सारंगखेड्याच्या बाजारात चांगली किंमत येईल. फोटो टाका.

दंतकथा
भोवरे बघून घोडी विकायचा धागा वेगळा काढा.

टापटीप
चाचपलं. दोन्हीकडे फुगीर लागतंय, मला वाटलं चेहराच तसा आहे. मग हत्ती गवत बंद करून हिरवी ज्वारी टाकू का? शेजारी फुकट देतोय. आणि रविवारचं काय?

माळरान
हिरवी ज्वारी अजिबात नको, घोड्याचं मूत्राशय लुळं पडतं, मागचे पाय लडखडतात. वाळलेलं डोंगरी गवत, मारवेल किंवा पवन्या, आणि दिवसाला 2-3 किलो लसूणघास. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा, एकदम केलात तर पोटशूळ होईल. कोंडा मात्र आजपासून निम्मा. रविवार रद्द. हाडं ठिसूळ झालेल्या घोडीवर 70 किलोचा माणूस बसवू नका, आणि इंजेक्शन देऊन तर मुळीच पळवू नका, दुखत नाही म्हणून ती जोर लावेल. बाकीच्या घोड्यांनाही हेच खाणं आहे का?

टापटीप
हो, अजून दोन आहेत. त्यांना काही नाही. एक तर गाभण आहे, मस्त गरगरीत.

माळरान
कितवा महिना? शेवटच्या तीन महिन्यांत शिंगराची हाडं तिच्याच हाडांतून होतात. आधी तिची दावण बदला.